मिक्स्ड मीडिया जर्नल: पानं वाकू नयेत, चिकटू नयेत यासाठी कामाचा नेमका क्रम

मिक्स्ड मीडिया जर्नल म्हणजे रंग, चिकटवलेले तुकडे (कोलाज) आणि लिखाण एकत्र असलेली वही. ती करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून तीनच असतात. पानं वाकतात, समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटतात आणि अर्धी वही भरेपर्यंत ती मिटेनाशी होते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे यातली दुसरी तक्रार सगळ्यांत जास्त, आणि तिचं कारण हातात नसून हवेत आहे. अ‍ॅक्रिलिक रंग, जेसो (रंगाआधी कागदावर द्यायचा पांढरा लेप), फेविकॉल हे सगळे पाण्यात मिसळलेले प्लास्टिकचे प्रकार आहेत. पाणी उडून गेलं की मागे प्लास्टिकची साय उरते, आणि ही साय उष्णतेने मऊ पडते. चैत्र-वैशाखात पारा ४२ च्या वर गेला की पूर्ण वाळलेलं पानसुद्धा समोरच्या पानाला धरून बसतं.

इलाज महागड्या सामानात नाही, क्रमात आहे. पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे: पाण्याचं आधी, प्लास्टिकचं मधे, तेला-मेणाचं शेवटी. हा क्रम उलटला की वरचा थर खालच्याला धरत नाही, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

## १. हंगाम आणि जागा

मार्च ते मे या काळात सकाळी दहाच्या आत किंवा रात्री काम करा. दुपारी फेविकॉल ब्रशवरच ओढायला लागतो. कागद जागेवर सरकवेपर्यंत त्याची कड वाळलेली असते आणि मग कोपरे उचलतात.

कूलरसमोर कधीही बसू नका. कूलरची हवा ओली असते. कागद तिच्यातला ओलावा घेऊन फुगतो आणि कूलर बंद झाला की पुन्हा आकसतो. "काहीच लावलं नाही तरी पान लहरी झालं" असं सांगणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हेच कारण निघतं. पंखा चालेल, पण हळू, आणि पानावर थेट वारा नको.

पावसाळ्यात उलटं. दोन थरांमधला वेळ दुप्पट धरा. या दिवसांत वही शिवणं, तुकडे निवडणं, कापणं ही कोरडी कामं काढावीत. जाड थरांची कामं ऑक्टोबरनंतर करा. खान्देशातले ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने या छंदासाठी सर्वांत सोयीचे.

## २. कागद: वजन आणि धागा

झेरॉक्सचा ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) कागद यासाठी नाहीच. साधी ड्रॉइंग शीट १४०-१५० जीएसएमची असते. तिच्यावर एकच पातळ थर आणि थोडं कोलाज निभतं. नीट काम करायचं तर २०० जीएसएम किंवा त्याहून थोडा जाड वॉटरकलरचा कागद घ्या. ३०० जीएसएम भक्कम आहे, पण त्याची घडी फुटते आणि वही फार जाड होते. २२ × ३० इंचाच्या दोन शीट एका वहीला पुरतात.

आता बहुतेक जण जे टाळतात ते. मशीनवर तयार झालेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. या दिशेलाच कागदाचा धागा म्हणायचं. ओला झाल्यावर कागद त्या दिशेला आडवा, म्हणजे रुंदीत फुगतो. धागा वहीच्या पाठीला, म्हणजे शिवणीला समांतर असेल तर पान मोकळ्या कडेकडे पसरतं आणि वाळल्यावर परत बसतं. धागा आडवा असेल तर शिवणीत अडकलेल्या बाजूला फुगायला जागाच मिळत नाही, म्हणून घडीजवळ कायमच्या लाटा उठतात.

धागा ओळखायची पद्धत: शीटच्या कोपऱ्यातून दोन इंचाचा चौकोन कापा. कापण्याआधी त्याच्यावर शीटच्या लांबीच्या दिशेने पेन्सिलीचा बाण काढा. चौकोनाची एक बाजू ओल्या बोटाने पुसा. तो नळीसारखा वळेल. नळी ज्या दिशेला लांब, ती धाग्याची दिशा.

तपासा: हातकागदात ही दिशा फारशी नसते, त्यामुळे चाचणीत चौकोन कुठेही स्पष्ट वळणार नाही. असा कागद कसाही कापला तरी चालतो. मात्र हातकागद पाणी पटकन शोषतो, म्हणून पहिला थर त्यावर नेहमीपेक्षा पातळ द्या.

## ३. कापणी आणि घडी

पानाचा आकार साडेपाच × साडेसात इंच धरू. म्हणजे न घडी घातलेला तुकडा ११ × साडेसात इंचाचा, आणि घडी साडेसात इंचाच्या बाजूला समांतर.

धागा शीटच्या ३० इंची बाजूने असेल तर २२ इंचात दोन आणि ३० इंचात चार असे एका शीटचे आठ तुकडे निघतात. दोन शीटचे सोळा. बारा वहीला लावा, चार बाजूला ठेवा. त्या चारांवर पुढचा प्रत्येक रंग, पेन आणि गोंद आधी तपासायचा आहे, ते उरलेसुरले म्हणून वापरून टाकू नका. धागा २२ इंची बाजूने निघाला तर एका शीटचे चारच तुकडे मिळतात. मग तीन शीट लागतील आणि चाचणीसाठी चौथीचा कोपरा. सात इंच रुंदीच्या ज्या पट्ट्या उरतात त्या फेकू नका, खाली सांगितलेल्या फटीच्या पट्ट्यांना लागतात.

कापायला नवं पातं, स्टीलची पट्टी आणि खाली जाड पुठ्ठा. एकाच जोरात कापण्यापेक्षा हलक्या हाताने दोन-तीनदा पातं फिरवा. घडी घालण्याआधी रेषेवर विणायच्या सुईचं बोथट टोक किंवा रिकाम्या बॉलपेनचं टोक पट्टीच्या आधाराने एकदा ओढा, मग घडी घालून चमच्याच्या पाठीने दाबा.

तीन घड्यांची एक जुडी, अशा चार जुड्या. एकूण २४ पानं, ४८ बाजू.

फटीच्या पट्ट्या विसरू नका. कोलाज केलं की पानांची जाडी बाहेरच्या बाजूला वाढते, पाठ मात्र शिवतानाच ठरून गेलेली असते. वही मिटेनाशी होते ती यामुळे. प्रत्येक जुडीसाठी दीड इंच रुंद, साडेसात इंच लांब अशा दोन पट्ट्या कापा, उभ्या मधोमध दुमडा आणि जुडीच्या बाहेरून घडीवर चढवा. या पट्ट्या जुडीबरोबरच शिवल्या जातील. पाठीकडे जादा जाडी तयार होते आणि पानांना फुगायला तेवढी जागा मिळते.

## ४. वही शिवणं

कव्हरला दोन मिलिमीटर जाडीचा बाइंडिंगचा पुठ्ठा, पावणेसहा × पावणेआठ इंचाचे दोन तुकडे. पाठीसाठी मांजरपाट. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. न धुतलेलं मांजरपाट फेविकॉल लागताच आटतं आणि पुठ्ठे तिरके ओढतं.

दोन्ही पुठ्ठे टेबलावर मांडून मधे सव्वा इंच जागा सोडा. मांजरपाटाची पट्टी सव्वातीन इंच रुंद घ्या, म्हणजे दोन्ही पुठ्ठ्यांवर एकेक इंच चिकटेल. लांबी पावणेदहा इंच; वर-खाली एकेक इंच आत दुमडून चिकटवा. मधल्या सव्वा इंचात आतून कापडाचीच दुसरी पट्टी चिकटवली की पाठ भक्कम होते. वजनाखाली २४ तास.

भोकं पाच. वरच्या कडेपासून पाऊण, सव्वादोन, पावणेचार, सव्वापाच आणि पावणेसात इंचांवर. एका कागदी पट्टीवर ही मापं एकदाच मांडा आणि तीच पट्टी प्रत्येक जुडीत व पाठीवर वापरा; दर वेळी नव्याने मोजलं की भोकं चुकतात. पाठ जुड्यांपेक्षा पाव इंच उंच आहे, तेव्हा पट्टी पाठीवर उंचीच्या मधोमध ठेवा. पाठीवर चार जुड्यांसाठी चार उभ्या रांगा: कडेपासून पाच मिलिमीटर सोडून पहिली, मग सात-सात मिलिमीटरवर पुढच्या. टोच्याने भोकं पाडताना खाली जुना पुठ्ठा ठेवा आणि जुडी अर्धी उघडी धरून घडीच्या बरोबर रेषेत आतून बाहेर टोचा.

दोरा गोधडीचा, एका जुडीला दोन फूट. मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या. जुडी पाठीवरच्या तिच्या रांगेशी जुळवून धरा, म्हणजे प्रत्येक टाका जुडी आणि पाठ दोन्हींतून जातो. भोकांना वरून खाली एक ते पाच नंबर दिले तर टाका असा:

जुडीच्या आतून तीनमधून बाहेर, दोनमधून आत, एकमधून बाहेर, पुन्हा दोनमधून आत. आतल्या आत तीनवरून पुढे जाऊन चारमधून बाहेर, पाचमधून आत, पुन्हा चारमधून बाहेर आणि तीनमधून आत. आता दोन्ही टोकं आत आहेत. दोनपासून चारपर्यंत गेलेल्या लांब दोऱ्याच्या एकेका बाजूला एकेक टोक ठेवून गाठ मारा.

सावध: दोरा ओढताना तो घडीच्या दिशेने ओढा, पानाकडे काटकोनात नको. काटकोनात ओढला की भोकं फाटून चिरा होतात.

## ५. चिकटवण्याचं सामान: आधी पाण्याची परीक्षा

हा टप्पा टेबलावर पसरून, शांतपणे करा. प्रत्येक तुकड्याचा कोपरा ओल्या पांढऱ्या कापडाने दाबून रंग सुटतो का ते बघायचं. काही वस्तूंबद्दल मात्र आधीच सांगता येतं.

सराफाकडचा गुलाबी कागद. जळगावात घरोघरी सापडतो, दिसतोही देखणा. त्याचा रंग पाण्यात सुटतो. पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवला तर आजूबाजूचं अख्खं पान गुलाबी होतं आणि वर जेसो दिला तर तोही गुलाबी होतो. दोन उपाय आहेत. एक, तो सगळ्यात शेवटी, कोरड्या ग्लूस्टिकने लावायचा. दुसरा, त्याच्या सुटणाऱ्या रंगाचाच उपयोग करायचा: कोऱ्या पानावर पाणी मारून त्यावर गुलाबी कागदाचे फाडलेले तुकडे पाच मिनिटं ठेवा, मग उचलून टाका. मागे मऊ कडांचे गुलाबी डाग राहतात. पतंगाच्या कागदाचंही असंच. हे रंग उजेडात फिके पडतात, पण मिटलेल्या वहीत बराच काळ टिकतात.

एसटीचं तिकीट, एटीएमची पावती. मशीनमधून निघणारा हा कागद उष्णतेनेच छापला जातो. हेअर ड्रायरची हवा लागली की तो काळा पडतो, आणि नुसता ठेवला तरी काही महिन्यांत अक्षरं उडतात. त्याची झेरॉक्स काढा, ती चिकटवा. झेरॉक्सची शाई पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत मात्र बहुधा हलते.

वर्तमानपत्र. पिवळं पडतं, ठिसूळ होतं. पोत म्हणून जेसोखाली चालेल. त्यातला मजकूर जपायचा असेल तर झेरॉक्स.

केळीचं सोपट, म्हणजे खोडाचं सालपट. रावेर, यावलकडच्या माणसाला बांधावर फुकट मिळतं आणि त्याचा आतला जाळीदार पापुद्रा कुठल्याही विकतच्या कागदाहून सुंदर दिसतो. वाळलेलंच घ्या. ओल्या सोपटाचा चीक कपड्यावर आणि कागदावर तपकिरी डाग पाडतो आणि तो धुतल्याने जात नाही. वाळलेलं सोपट तासभर पाण्यात भिजवा, पापुद्रे बोटाने सोडवा, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये घालून वजनाखाली चार-पाच दिवस ठेवा. वर्तमानपत्र रोज बदलायचं, नाहीतर बुरशी धरते. जाड सालपट वापरू नका, ते पानाबरोबर वळत नाही आणि पान उलटताना तडकतं.

कापड. लुगड्याचा, खणाचा तुकडा लावायचा तर आधी धुऊन रंग सुटतो का पाहा. कडा दोन मिलिमीटर आत फेविकॉलने ओल्या करून वाळू द्या, मग कापा. दशा निघत नाहीत.

## ६. गोंद: तीन कामांना तीन

पातळ कागदांना फेविकॉलचे दोन भाग आणि पाणी एक भाग. कापड, सोपट, जाड कार्ड यांना पाणी न घालता. टिश्यू, जुनी पत्रं, मोठे पातळ कागद यांना खळ.

खळ करायला दोन मोठे चमचे मैदा थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग एकूण बारा चमचे पाणी होईल इतकं घाला आणि मंद आचेवर सतत हलवत चार-पाच मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक दिसली की उतरवा आणि गाळा. खळ सावकाश वाळते, त्यामुळे कागद सरकवून बसवता येतो. उन्हाळ्यात बाहेर ती दिवसभरात आंबते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. वास आला की टाकून द्या. बाइंडिंगवाले किडीसाठी तिच्यात मोरचूद घालतात, घरी तसं करू नका. ते विषारी आहे, आणि ही वही मुलांच्या हातात जाते.

## ७. कोऱ्या पानावरची पाण्याची कामं

जेसोच्या आधी. वॉटरकलर, चहाचं पाणी, गुलाबी कागदाचे डाग, पळसाच्या फुलांचा रंग, हे सगळं उघड्या कागदातच मुरतं. सातपुड्याकडून होळीच्या सुमारास येणारी पळसाची फुलं वाळवून ठेवली असतील तर २० ग्रॅम फुलं पाव लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळा. नारिंगी-पिवळी झाक मिळते.

ज्या बाजूला वॉटरकलरच मुख्य आहे तिथे जेसो नकोच. जेसोवर वॉटरकलर बसतो खरा, पण पुढच्या ओल्या ब्रशने उचलला जातो.

## ८. जेसो

जेसो दोन कामं करतो: कागदाला पाणी पिऊ देत नाही आणि रंगाला पकड देतो. विकतचा घ्या, किंवा घरी करा: एक भाग फेविकॉल, एक भाग पांढरा अ‍ॅक्रिलिक, दोन भाग व्हाइटिंग पावडर (रंगाच्या दुकानात पुट्टीसाठी मिळते). पाणी चमच्या-चमच्याने घालत भज्यांच्या पिठाइतकं दाट ठेवा. जुन्या मोज्यातून गाळलं की खडे राहत नाहीत. पावडर मिसळताना नाकातोंडाला रुमाल बांधा. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका. ते डब्यातच घट्ट होतं आणि पानावर तडकतं.

१. पानाखाली बेकिंगचा कागद सरकवा, म्हणजे खालचं पान वाचतं.
२. कोरड्या, रुंद ब्रशने पहिला थर आडवा. इतका पातळ की कागद थोडा दिसला पाहिजे.
३. अर्धा तास वाळू द्या. पावसाळ्यात दोन तास.
४. दुसरा थर उभा.
५. पूर्ण वाळल्यावर पानाची दुसरी बाजूही अशीच करा, तिथे काही काढायचं नसलं तरी.

पाचवी पायरी गाळल्यामुळे जितकी पानं वाकतात तितकी दुसऱ्या कशामुळेही वाकत नाहीत. एका बाजूची साय वाळताना आकसते आणि पानाला आपल्याकडे ओढते. दुसऱ्या बाजूला तेवढीच ओढ असेल तरच पान सरळ राहतं. वॉटरकलरची बाजू तशीच ठेवायची असेल तर मागच्या बाजूला दोनऐवजी एकच थर द्या.

सावध: वही गच्चीवर उन्हात वाळत घालू नका. वरची साय मिनिटभरात धरते, आतलं पाणी अडकतं, आणि पान टोपलीसारखं वळतं. हेअर ड्रायर वापरायचाच तर वीतभर अंतरावरून, सतत फिरवत, आणि थर आधी दहा मिनिटं हवेत वाळल्यावर.

तपासा: पानावर हाताची पाठ ठेवा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. बोटाला कोरडं लागणं पुरेसं नाही.

## ९. कोलाज

आधी सगळे तुकडे कोरडेच मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. गोंद हातात असताना जागा शोधत बसलं की गोंद वाळतो.

मोठं खाली, लहान वर. घडीवरून जाणारा तुकडा असेल तर तो घडीच्या रेषेवर आधी दुमडून घ्या, नाहीतर वही उघडताना तिथेच फाटतो.

जाड कागदाला गोंद तुकड्याच्या मागे लावा, एक मिनिट थांबा आणि मग चिकटवा. ओला कागद फुगतो. हा फुगवटा पानावर बसण्याआधीच होऊन जाऊ दे. लगेच चिकटवला तर तो पानावर फुगतो आणि मधे बुडबुडे राहतात. टिश्यू आणि सोपटाचा पापुद्रा यांचं उलटं: गोंद पानाला, वरून नुसता कागद सोडायचा. मध्यापासून कडेकडे बोटाने किंवा मऊ कापडाने हवा काढा. कडांवर एकदा जास्तीचा ब्रश फिरवा, कारण आपल्याकडच्या कोरड्या हवेत कडा सगळ्यात आधी सुटतात.

वर-खाली बेकिंगचा कागद घालून, वही मिटून, दोन-तीन किलो वजनाखाली रात्रभर ठेवा. पाटा चालेल, पण वहीवर आधी सपाट फळी हवी.

एका बाजूला दोनपेक्षा जास्त जाड थर नकोत. आणि जाड वस्तू (बटण, दोरा, कार्ड) समोरासमोरच्या पानांवर एकाच जागी येऊ देऊ नका. एक वर असेल तर समोरची खाली.

## १०. रंग

आता अ‍ॅक्रिलिक. पहिला हात पाणी घालून पातळ, म्हणजे कोलाजच्या कडा आणि पान एकजीव होतात. मग स्टेन्सिल, ठसे, कोरडा ब्रश. स्टेन्सिलखाली रंग पळतो तो रंग जास्त घेतल्यामुळे. स्पंज रंगात बुडवून तो रद्दीवर इतका टिपा की जवळजवळ कोरडा वाटेल, आणि मग सरळ वरून खाली टिपा, घासू नका. भेंडीचे ठसे काढणार असाल तर कापलेली भेंडी अर्धा तास उघडी ठेवून पुसून घ्या; ताजीचा चिकटपणा रंगाला पानावर बसू देत नाही.

ऑइल पेस्टल आणि मेणखडू अ‍ॅक्रिलिकच्या खाली कधीही नकोत. तेलावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो. त्यांची जागा सर्वांत वर, आणि तीही कमी. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही.

## ११. लिखाण

अ‍ॅक्रिलिकला किमान एक रात्र द्या. घाईने लिहिलं की मऊ रंग पेनाच्या टोकात शिरतो आणि पेन बाद होतं. जेसोवर पेन्सिल उत्तम चालते, बॉलपेन चालतो, साधं स्केचपेन पसरतं. रंगावर परमनंट मार्कर किंवा पांढरं जेलपेन. प्रत्येक पेन त्या चार चाचणीच्या तुकड्यांवर, तसेच थर देऊन, आधी लिहून बघा, आणि दहा मिनिटांनी ओलं बोट फिरवा. जास्त मजकूर लिहायचा असेल तर तो वेगळ्या कागदावर लिहून चिकटवणं जास्त शहाणपणाचं.

## १२. चिकटपणा घालवणं

चमक यावी म्हणून वरून फेविकॉलचा हात देणं ही सर्रास होणारी चूक आहे. तो मेमध्ये मऊ पडतो आणि जुलैत दमटपणाने पुन्हा चिकट होतो. ग्लॉस वार्निशही टाळा. द्यायचंच तर मॅट वार्निशचा एक पातळ हात.

खरा उपाय साधा आहे. शेवटच्या थरानंतर तीन दिवस पान उघडं ठेवा, पावसाळ्यात आठवडा. मग पांढरी मेणबत्ती पानावर अगदी हलकेच फिरवा आणि मलमलच्या कापडाने गोल गोल पुसा, मेण दिसेनासं होईपर्यंत. ऑइल पेस्टल असलेला भाग सोडून द्या. मेणानंतर रंग, गोंद, शाई काहीच धरत नाही, म्हणून हे अगदी शेवटी.

तपासा: दोन पानं समोरासमोर मिटून वर पाच मिनिटं तळहाताने दाबा. उघडताना आवाज आला तर अजून दोन दिवस थांबा आणि पुन्हा मेण द्या. मार्च लागायच्या आत प्रत्येक दोन रंगीत पानांमध्ये बेकिंगचा कागद घाला.

## १३. ठेवण

वही उभी ठेवा. आडव्या गठ्ठ्यात वरचं वजन पानांवर येतं. पत्र्याच्या छताखालचा माळा, गाडीची डिकी, खिडकीचा कट्टा या जागा बाद. धाब्याच्या घरात उन्हाळा निभावतो, पण पावसात भिंतीला लागून ठेवू नका, ओल धरते. कसर खळीवर येते. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवतात तसा ठेवा, पानांमध्ये सुटा घातला तर डाग पडतात.

## पानं चिकटलीच तर

ओढू नका, गरम करू नका. उष्णतेने रंग आणखी मऊ होतो. वही घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये तासभर ठेवा. गार झालं की अ‍ॅक्रिलिक कडक होतं आणि त्याची पकड सुटते. बाहेर काढल्याबरोबर दोन पानांमधून शिलाईचा जाड दोरा एका कोपऱ्यातून आत घालून, करवतीसारखा मागेपुढे ओढत पुढे न्या. या वेळी पान वाकवायचं नाही. गार अ‍ॅक्रिलिकला तडे जातात. सुटलेली पानं खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडी ठेवा, उडालेल्या जागी पातळ जेसो आणि रंग द्या, पुन्हा तीन दिवस थांबा आणि मग मेण. आधी मेण दिलेलं असेल तर जेसोपूर्वी ती जागा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासावी लागेल.